एंटर कशासाठी मारला होता? साध्या मजकुराचं ई-पुस्तक करण्याआधीची साफसफाई

जुन्या छापील पुस्तकाचं ई-पुस्तक करायचं ठरवलं की सुरुवात सोपी वाटते. पानांचे स्कॅन हाताशी असतात, त्यांवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारी प्रणाली, चालवली की मजकूर मिळतो आणि नोटपॅडमध्ये तो बराच नीटनेटका दिसतो. मग तोच मजकूर कॅलिबर या ई-पुस्तकं बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकून ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची, फाइल बनवायची, मोबाइलवर उघडायची आणि सगळी घडी विस्कटलेली पाहायची. एक ओळ पूर्ण, पुढची दोनच शब्दांची. परिच्छेदाच्या मधोमध पानाचा आकडा. अभंगाचे चरण एकापाठोपाठ एक गद्यासारखे चिकटलेले.

ओसीआर किंवा कॅलिबर बिघडलेलं नसतं. कागदावरच्या पानात आणि ई-पुस्तकात एक मूलभूत फरक आहे, तो मजकुराला अजून कुणी सांगितलेला नसतो. छापील पानाची रुंदी ठरलेली असते, म्हणून ओळ कुठे तुटणार हे छापखान्यात ठरतं. ई-पुस्तकात ते वाचणाऱ्याच्या हातात असतं. कुणी बारीक अक्षरात वाचतं, कुणी चष्मा सापडत नाही म्हणून अक्षर दुप्पट करतं, कुणी मोबाइल आडवा धरतं. दर वेळी ओळी नव्याने मांडल्या जातात. ईपब म्हणजे आतून वेबपानांचा एक झिप केलेला गठ्ठा असतो. परिच्छेद कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढंच त्या वेबपानांना कळायला हवं, ओळ कुठे मोडायची ते वाचनयंत्र बघून घेतं. आपल्या मजकुरात मात्र प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी एक एंटर बसलेला असतो.

साफसफाईची गोम या एंटरमध्येच आहे. त्यावर जरा थांबू.

साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ओळ मोडण्याची खूण एकाच जातीची असते. विंडोजवर ती दोन अदृश्य चिन्हांची जोडी असते, लिनक्सवर आणि आजच्या मॅकवर एकच चिन्ह. जोडी का, याचं उत्तर टेलिप्रिंटरच्या काळात आहे. यंत्राचं छपाईचं टोक डावीकडे परत नेण्याची आज्ञा वेगळी होती आणि कागद एक ओळ वर सरकवण्याची वेगळी. यंत्रं गेली, आज्ञा राहिल्या. पण चिन्ह एक असो की दोन, ते फक्त ‘इथे ओळ मोडली’ एवढंच सांगतं. का मोडली, ते सांगत नाही. कागदाची रुंदी संपली म्हणून? परिच्छेद संपला म्हणून? ओवीचा चरण पुरा झाला म्हणून? मथळा होता म्हणून? की पानच संपलं? पाच वेगळी कारणं, फाइलमध्ये खूण मात्र तीच. प्रत्येक एंटरमागचं कारण शोधून काढायचं आणि मग त्याला ठेवायचं की काढायचं ते ठरवायचं, हे या कामाचं स्वरूप आहे. बाकीची कामं त्याच्या अवतीभवतीची.

हा प्रश्न ओसीआरच्या आधीपासूनचा आहे. मायकेल हार्ट यांनी जुलै १९७१ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप केला आणि त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा मोफत ई-पुस्तकांचा संग्रह उभा राहिला. त्यांचा आग्रह अगदी साध्या मजकुराचा होता, कुठल्याही यंत्रावर उघडेल असा. त्या काळच्या पडद्यांवर ऐंशी अक्षरांची ओळ मावायची, म्हणून गुटेनबर्गच्या फाइलींमध्ये साधारण सत्तरेक अक्षरांवर एंटर मारण्याची रीत पडली. परिच्छेदांमध्ये एक ओळ रिकामी, तिरप्या अक्षरांच्या शब्दांच्या दोन्ही बाजूंना खालची रेघ. एवढी शिस्त पाळल्यामुळे त्या हजारो फाइलींचं पुढे ई-पुस्तकांत रूपांतर करता आलं. ओसीआरमधून आलेल्या मराठी मजकुरात अशी शिस्त आपसूक येत नाही, ती आपल्याला लावावी लागते.

एक नमुना घेऊ. खालच्या ओळी मी जुन्या वळणात रचलेल्या आहेत, पण ओसीआरमधून येणारा मजकूर हुबेहूब असाच असतो:

बाळाजीपंत वाड्यांत आले तेव्हां दिवेलागण
झाली होती. ओसरीवर कोणी नव्हतें. त्यांनीं
पगडी खुंटीला लावली आणि माज-
४२          प्रकरण पांचवें
घराकडे पाहून हांक मारली.

पाच ओळी, पण वाक्यं तीन आणि परिच्छेद एकच. पहिल्या दोन ओळींचे एंटर निव्वळ रुंदीमुळे आलेले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी शब्द तोडून संयोगचिन्ह दिलेलं. चौथी ओळ मजकुराचा भागच नाही, ती पुढच्या पानाच्या डोक्यावरची पट्टी आहे. पाचवी ओळ तिसरीच्या पुढे चालू होते. कुणी घाईघाईने सगळे एंटर काढून त्या जागी स्पेस टाकली, तर वाचकाला ‘माज- ४२ प्रकरण पांचवें घराकडे पाहून हांक मारली’ असं वाक्य मिळेल. म्हणजे पानाच्या डोक्यावरच्या आणि तळाच्या पट्ट्या आधी काढायच्या, ओळी जोडायचं नंतर. या कामात कोणती पायरी आधी आणि कोणती मागून याला फार महत्त्व आहे, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीसाठी लागणारा पुरावा पुसू शकते.

पुरावा पुसला जाणं म्हणजे काय, ते आणखी एका उदाहरणात दिसेल. कित्येक जुन्या पुस्तकांत परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ नसते. नवा परिच्छेद थोडा आत सरकवून सुरू केलेला असतो. ओसीआरने ते ओळखलं तर ओळीच्या सुरुवातीला चार-पाच स्पेस येतात. साफसफाई करणारा माणूस आधी काय करतो? ओळींच्या मागच्या-पुढच्या फालतू स्पेस उडवतो. ते काम निरुपद्रवी वाटतं, पण इथे परिच्छेद कुठे सुरू होतो हे सांगणारी एकुलती एक खूण त्या स्पेसमध्येच होती. ती गेली की पुन्हा स्कॅन उघडून पान-पान बघत बसायचं. म्हणून आधी आत सरकलेल्या प्रत्येक ओळीच्या वर एक रिकामी ओळ घालायची आणि मगच स्पेस काढायच्या.

दुसरा पुरावा ओळीच्या लांबीत असतो. छापील परिच्छेदाची शेवटची ओळ बहुधा उजव्या समासापर्यंत पोहोचत नाही. ओळ आखूड आहे आणि शेवटी पूर्णविराम किंवा अवतरणचिन्ह आहे, तर परिच्छेद संपला असण्याची शक्यता दाट. ओळ पूर्ण लांबीची आहे आणि शेवटी विरामचिन्ह नाही, तर वाक्य पुढे चालू आहे हे जवळपास नक्की. कॅलिबरमधली ओळी जोडण्याची आपोआप सोय याच दोन गोष्टी बघून अंदाज बांधते. गद्यावर हा अंदाज बरा चालतो. संवादांवर फसतो, कारण ‘हो.’ एवढ्याच उत्तराची ओळ आखूडच असणार, आणि दोन लांब संवाद लागोपाठ आले तर ते एकत्र गुंफले जातात. अंदाज यंत्राला बांधू द्यावा, तपासणी डोळ्यांनी करावी.

ओळी जोडण्याची पद्धत

प्रत्यक्ष काम कुठल्याही बऱ्या एडिटरमध्ये करता येतं. विंडोजवर नोटपॅड++ मोफत आहे आणि शोधा-बदला या खिडकीत अदृश्य चिन्हंही शोधू देतो. सुरुवातीला मूळ फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा. तिला हात लावायचा नाही. कामाच्या प्रतीत दर मोठ्या बदलानंतर नव्या नावाने फाइल साठवा, म्हणजे दहाव्या पायरीवर चूक लक्षात आली तर नवव्या पायरीवर परतता येतं.

पट्ट्या आणि पानांचे आकडे काढताना थोडं डोकं वापरलं तर वेळ वाचतो. पट्टीची ओळ दर पानाला जवळजवळ सारखी असते: डाव्या पानावर पुस्तकाचं नाव, उजव्या पानावर प्रकरणाचं. नुसता आकडा असलेल्या ओळी रेग्युलर एक्स्प्रेशनने एका झटक्यात सापडतात. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी शब्दाचा साचा शोधण्याची सोय. ‘ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त देवनागरी अंक’ असा साचा देता येतो. तरीही ‘सगळे बदला’ हे बटण लगेच दाबू नका. आधी ‘सगळे शोधा’ करून यादी नजरेखालून घाला, कारण प्रकरणांची शीर्षकं नुसत्या आकड्यांची असतील तर तीही याच साच्यात सापडतात. शिवाय ओसीआर आकडेही चुकवतं, त्यामुळे ‘४२’ ऐवजी ‘४र’ आलेलं पान या साच्यातून निसटेल. ते हातानेच काढावं लागेल.

पान संपतं तिथे परिच्छेदही संपतो का, हा प्रश्न दर पानाला पडतो. पानाची शेवटची ओळ वाक्याच्या मध्येच तुटली असेल तर उत्तर उघड आहे. पूर्णविरामावर संपली असेल तर मात्र स्कॅनमध्ये पुढच्या पानाची पहिली ओळ आत सरकलेली आहे का ते बघावंच लागतं. दुसरा मार्ग नाही. तीनशे पानांच्या पुस्तकात हे कंटाळवाणं काम आहे, आणि तरी ते केलेलं पुस्तक आणि न केलेलं पुस्तक वाचताना लगेच वेगळं कळतं.

आता ओळी जोडणं. जोडायच्या नाहीत त्या ओळी आधी राखून ठेवायला हव्यात: ओव्या, अभंग, श्लोक, नाटकातली पात्रांची नावं, पत्राचा मायना, अर्पणपत्रिका, यादी. त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी मजकुरात कुठेच येत नाही अशी एखादी खूण लावा, उदाहरणार्थ तीन लहरी: ~~~. हे हाताने करायचं काम आहे.

मग पुढची युक्ती. दोन एंटर लागोपाठ म्हणजे परिच्छेद संपला, एक एंटर म्हणजे नुसती ओळ मोडली, अशी स्थिती आपण आत्तापर्यंत आणलेली आहे. आधी ओळींच्या शेवटी उरलेल्या स्पेस काढा. रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत एखादी स्पेस लपलेली असते, तेवढ्याने दोन एंटर लागोपाठ राहत नाहीत आणि दोन परिच्छेद गुपचूप एक होतात. नंतर ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दांकडे बघा, त्याबद्दल पुढे सांगतो. मग लागोपाठच्या दोन एंटरांच्या जागी @@@@ टाका. तीन लहरी आणि त्यांच्यापुढचा एंटर यांच्या जागी ####. आता फाइलमध्ये उरलेला प्रत्येक एंटर फक्त रुंदीमुळे आलेला आहे, म्हणून तो बेधडक स्पेसने बदला. क्षणभर सगळं पुस्तक एका अजस्र ओळीत दिसेल, घाबरू नका. @@@@ च्या जागी पुन्हा दोन एंटर, #### च्या जागी एक एंटर. कडव्याच्या शेवटच्या ओळीपुढे दोन एंटर असल्यामुळे तिथल्या तीन लहरी उरतात, त्या काढून टाका. सगळ्यात शेवटी लागोपाठच्या दोन-तीन स्पेसची एक स्पेस करा. परिच्छेद जागेवर येतात, ओव्या शाबूत राहतात.

वर्डमध्ये हेच करता येतं. तिथे एंटर शोधायला टोपीचं चिन्ह आणि त्यापुढे इंग्रजी पी लिहितात. पण वर्ड स्वतःहून अवतरणचिन्हं वळवतं, यादी दिसली की क्रमांक घालतं, म्हणून या टप्प्यावर साधा एडिटर बरा.

तुटलेल्या शब्दांचं प्रकरण नाजूक आहे. ‘माज-’ आणि ‘घराकडे’ जोडताना संयोगचिन्ह जायला हवं. पण ओळ ‘आई-’ वर संपली आणि पुढची ‘वडील’ ने सुरू झाली, तर ते चिन्ह लेखकाचं आहे, ते राहायला हवं. दोन्ही ठिकाणी फाइलमधली खूण सारखीच. यावर चांगला उपाय म्हणजे पुस्तकालाच विचारणं: हाच शब्द दुसरीकडे ओळीच्या मध्ये कसा छापला आहे ते शोधायचं. ‘माजघर’ सलग सापडलं तर जोडायचं, ‘आई-वडील’ चिन्हासह सापडलं तर चिन्ह ठेवायचं. सन २००० मध्ये चार्ल्स फ्रँक्स यांनी सुरू केलेल्या डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात शंका असेल तिथे संयोगचिन्हापुढे एक तारांकन लावून ठेवायची रीत आहे. शेवटी कुणीतरी सगळी तारांकनं एकत्र शोधतं आणि एकाच धोरणाने निकाल लावतं. ही रीत एकट्याने काम करणाऱ्यानेही उचलावी अशी आहे. शंका आली तिथल्या तिथे ठोकून निर्णय घेण्यापेक्षा खूण करून पुढे जाणं परवडतं.

देवनागरीतली अदृश्य भानगड

इथवरचं सगळं कुठल्याही भाषेला लागू होतं. मराठीचे स्वतःचे प्रश्न वेगळे आहेत. मजकूर डोळ्यांना बरोबर दिसतो आणि आतून चुकलेला असतो, ही त्यांतली मेख.

पहिला प्रश्न जुन्या फॉन्टांचा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, सर्रास होण्याआधी मराठी छपाई श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टांवर चालली. त्या फाइलींमध्ये खरं तर रोमन अक्षरांचेच संकेत असतात, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. फॉन्ट काढला की उरते अगम्य रोमन अक्षरांची रांग. अशा फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतात, पण त्यात एक ठरावीक गडबड होते. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी जशी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, आणि जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षरानंतर. कन्व्हर्टर जोडाक्षर ओळखायला चुकला की वेलांटी मध्येच अडकते आणि ‘शक्ति’ च्या जागी ‘शकि्त’ असं काहीतरी पडतं. मराठीत वेलांटीच्या लगेच पुढे हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण, कधीच येत नाही. म्हणून ‘वेलांटी, मग हलंत’ एवढी जोडी शोधली की अशा साऱ्या चुका एका यादीत मिळतात.

दुसरी गडबड जास्त कावेबाज आहे. ‘ओ’ ची मात्रा युनिकोडमध्ये एकच चिन्ह आहे. पण काना आणि एक मात्रा अशी दोन वेगळी चिन्हं लागोपाठ दिली तरी बऱ्याच फॉन्टांत अगदी तसंच दिसतं. वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मात्र ई-पुस्तकात ‘डोंगर’ शोधला तर सापडत नाही, शब्दकोश उघडत नाही, आणि मजकूर वाचून दाखवणारं यंत्र अडखळतं. दृष्टिहीन वाचकासाठी हे पुस्तक मोडकंच ठरतं. उपाय सरळ आहे: काना अधिक मात्रा यांच्या जागी ओकार, काना अधिक दोन मात्रा यांच्या जागी औकार, अ अधिक काना यांच्या जागी आ, अ अधिक चंद्र यांच्या जागी एकसंध ॲ. हा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीच्या फाइलींमध्ये तो जोडूनच केलेला असतो.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तो मुद्दा: ‘दऱ्या’ मधला अर्धा र. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा आणि ‘आचाऱ्यांना’ पंगतीचा हिशेब द्यायचा. हा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक तऱ्हा म्हणजे नुक्त्याचा ऱ, युनिकोडमधला ०९३१ क्रमांक, आणि त्यापुढे हलंत. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलंत आणि त्यानंतर एक शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे अजिबात न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात.

ई-पुस्तकं साफ करण्याच्या बहुतेक इंग्रजी सूचनांमध्ये एक पायरी हमखास असते: शून्य रुंदीची सगळी अदृश्य चिन्हं काढून टाका. इंग्रजी मजकुरात ती कचराच असतात. मराठीत ही पायरी जशीच्या तशी केली तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला प्रत्येक ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ रफार होऊन बसतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो, आणि ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘बिचाऱ्या’ हे सगळे शब्द एका क्लिकमध्ये बिघडतात. त्यातले ‘दर्या’ आणि ‘आचार्यांना’ हे खरे शब्द असल्यामुळे स्पेलचेकही हूं की चूं करत नाही. म्हणून आधी ‘र, हलंत, जोडक’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलंत’ ही जोडी घाला. मग उरलेली अदृश्य चिन्हं एकेक बघा. एखाद्या ठिकाणी जोडाक्षर मुद्दाम फोडून दाखवायला ती वापरलेली असतात, विशेषतः व्याकरणाच्या किंवा बालवाचनाच्या पुस्तकांत. तिथे ती राहू द्यावीत.

विसर्गाचंही असंच आहे. कीबोर्डवर विसर्ग पटकन सापडत नाही म्हणून कितीतरी जण कोलन टाकतात: ‘दु:ख’, ‘अंत:करण’, ‘स्वत:च्या’. कोलनच्या दोन्ही बाजूंना स्पेस नसताना देवनागरी अक्षर असेल तर तो बहुतेक विसर्गच. ‘१०:३०’ मधला कोलन अंकांमध्ये आहे, त्याला धक्का लावू नका. शब्दाच्या शेवटचा कोलन मात्र साच्याने सुटत नाही, कारण ‘ती म्हणाली:’ मधला कोलन खरा असतो. तिथे ‘स्वतः’, ‘प्रायः’, ‘विशेषतः’, ‘क्रमशः’, ‘पुनः’ असे ठरलेले शब्द शोधून बदलणं सोपं. ओव्या-अभंगांत दंडाच्या जागी कीबोर्डवरची उभी रेघ असते, ती बदलून खरा दंड (।) घाला आणि दोन दंड लागोपाठ असतील तर एकसंध दुहेरी दंड (॥). अवग्रहाच्या (ऽ) जागी इंग्रजी एस अक्षर सापडणं हेही नेहमीचं.

ओसीआरच्या अक्षरचुकांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तो मुद्रितशोधनाचा वेगळा विषय आहे. व आणि ब, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत यंत्र गोंधळतं. ‘घर’ चं ‘धर’ झालं तर दोन्ही खरे शब्द, म्हणून वाचल्याशिवाय इलाज नाही. मराठी विकिस्रोत या स्वयंसेवकांच्या मोफत ग्रंथसंग्रहात स्कॅन आणि मजकूर शेजारी-शेजारी ठेवून हे काम होतं. दुसऱ्या माणसाने तपासल्यावरच पान हिरवं होतं, ही तिथली व्यवस्था मला फार योग्य वाटते.

कशाला हात लावू नये

साफसफाईचा हात चालू झाला की तो आवरणं कठीण जातं. जुन्या पुस्तकात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’, ‘घरें’ असे अनुस्वार पानोपानी असतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले, त्यांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. त्याआधीच्या पुस्तकातले अनुस्वार ही चूक नव्हे, तो त्या काळचा मजकूर आहे. ते शोधा-बदला करून उडवणं म्हणजे लेखकाच्या लेखनात फेरफार करणं. शाळकरी मुलांसाठी नव्या लेखनात आवृत्ती काढायची असेल तर जरूर काढा, पण तसं पुस्तकाच्या सुरुवातीला लिहा आणि मूळ लेखनाची फाइलही जपा. सावरकरांच्या लिपिसुधारणेनुसार छापलेल्या मजकुरात ‘अि’, ‘अु’ अशी रूपं मुद्दाम वापरलेली असतात. वर सांगितलेल्या बदलांच्या यादीत तीही सहज वाहून जातील, म्हणून कोणतीही यादी चालवण्याआधी पुस्तकाची दहा-वीस पानं नीट वाचून घ्यावीत.

पुस्तक मोकळं आहे की नाही हेही आधी बघावं. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क चालतो. १९६० साली निधन झालेल्या लेखकाचं साहित्य १ जानेवारी २०२१ ला मुक्त झालं. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

मजकूर साफ झाला की त्याला रचना द्यायची. यासाठी मार्कडाउन ही खुणांची साधी पद्धत सोयीची आहे. जॉन ग्रूबर यांनी ती २००४ मध्ये आणली. प्रकरणाच्या नावाआधी # आणि एक स्पेस टाकली की तो मथळा होतो आणि ई-पुस्तकाची अनुक्रमणिका त्यावरून आपोआप तयार होते. प्रसंग बदलताना छापील पानावर नुसती जागा सोडलेली असेल तर तिथे * * * टाका, नाहीतर ती जागा दोन परिच्छेदांमधल्या नेहमीच्या अंतरात विरून जाईल आणि वाचक सकाळच्या प्रसंगातून एकदम रात्रीच्या प्रसंगात जाऊन आपटेल. ओव्यांच्या ओळी मोडलेल्या राहाव्यात म्हणून ओळीच्या शेवटी दोन स्पेस देतात. या दोन स्पेस फालतू स्पेस काढण्याच्या पायरीत उडतात, म्हणून त्या सगळ्यात शेवटी घालायच्या. आणि ओळीच्या सुरुवातीला चार स्पेस राहून गेल्या तर मार्कडाउन तो मजकूर संगणकाचा कोड समजून वेगळ्या टाइपात छापतं. एखादाच परिच्छेद विचित्र दिसला तर आधी तिथे बघा.

फाइल साठवताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडा, ती युनिकोडची चिन्हं फाइलमध्ये साठवण्याची पद्धत आहे. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. दुसऱ्या पर्यायाने ती फाइल उघडली गेली तर एकेका चिन्हाच्या जागी टोपी-टिंबं असलेल्या रोमन अक्षरांचा भेंडोळा दिसतो. अशा वेळी काही बिघडलेलं नसतं. फाइल न साठवता बंद करा आणि यूटीएफ-८ सांगून पुन्हा उघडा. पण सगळीकडे प्रश्नचिन्हंच दिसत असतील आणि फाइल तशीच साठवली गेली असेल, तर मजकूर खरोखर गेला. बाजूला ठेवलेली मूळ प्रत तिथे कामी येते.

रूपांतर कॅलिबरने करा किंवा पँडॉकने, दोन्ही मोफत आहेत. कॅलिबर कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलं. त्यात साधी फाइल आत घेताना परिच्छेद कसे ओळखायचे हे विचारलं जातं: रिकाम्या ओळीवरून, प्रत्येक ओळ म्हणजे परिच्छेद असं धरून, की आत सरकलेल्या ओळीवरून. आपण रिकामी ओळ ठेवली आहे, तेव्हा तो पर्याय द्या आणि अंदाज बांधायची सोय बंद करा, कारण आता अंदाजाची गरज उरलेली नाही. भाषा मराठी आहे हे पुस्तकाच्या माहितीत जरूर भरा. फॉन्टात सोय असेल आणि वाचनयंत्राला ती कळत असेल, तर त्यावरून ल आणि श यांची मराठी वळणं निवडली जातात, नाहीतर हिंदी वळणं येतात. वाचून दाखवणारा आवाजही त्यावरूनच ठरतो. किंडलवर २०२२ पासून ईपब फाइल थेट पाठवता येते, वेगळं रूपांतर करावं लागत नाही.

तयार पुस्तक तीन ठिकाणी उघडून बघा: मोबाइल, टॅब्लेट आणि संगणक. मोबाइलवर अक्षर सर्वांत मोठं करा आणि एखादा अभंग शोधून काढा; लांब चरण दुसऱ्या ओळीवर गेला तरी पुढचा चरण नव्या ओळीवरच सुरू व्हायला हवा. मग शोधपेटीत ओकार असलेला, विसर्ग असलेला आणि अर्धा र असलेला असे तीन शब्द टाकून बघा. ‘तऱ्हा’ सापडत नसेल तर मजकुरात अजून दुसऱ्या तऱ्हेचा र शिल्लक आहे. तेवढी एक बदली पुन्हा चालवा आणि ईपब नव्याने बनवा.